होळकरांच्या दोन मोटारी : वेग की शांतता?

१/५
नाशिकहून आग्रा रोडने निघालेल्या प्रवाशाला चांदवडला होळकरांचा रंगमहाल लागतो. हाच रस्ता पुढे इंदूरला जातो. त्या इंदूरच्या गादीवर १९२६ साली दुसरे यशवंतराव होळकर आले. १९३०च्या दशकात त्यांच्या ताफ्यात दोन असामान्य मोटारी होत्या.

२/५
पहिली अमेरिकन ड्यूझेनबर्ग एसजे. ६.९ लिटर, ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह आणि सुपरचार्जर; कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. इंजिनाचे फेरे वाढत तसा सुपरचार्जरचा दाब वाढे. साहजिकच तिचे खरे सामर्थ्य भरधाव वेगातच प्रकटे.

३/५
दुसरी फ्रेंच हिस्पानो-सुइझा जे१२. ९.४ लिटर, बारा सिलिंडर, सुपरचार्जर नाही. इंजिन शांत चालावे म्हणून अभियंता मार्क बिर्किग्ट यांनी माथ्यावरचा कॅमशाफ्ट टाळून पुशरॉड वापरले. प्रचंड आकारमानामुळे ती मंद गतीतही सहज ओढे.

४/५
दोन्हींवर बॉडी चढवली ती लंडनच्या गर्नी नटिंगने. त्यामुळे बाह्य कारागिरीत डावे-उजवे करणे कठीण; फरक उरतो तो यंत्राच्या स्वभावाचा. एक वेगाची, दुसरी शांततेची.

५/५
१९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले; मोटारी परदेशी संग्राहकांकडे गेल्या. याच घराण्यातील अहिल्याबाईंनी उभारलेले काशी विश्वेश्वराचे मंदिर मात्र आजही लोकांच्या वापरात आहे. राजवैभवाचे मोल करताना यंत्राच्या गुणांबरोबर हाही हिशेब मांडावा लागतो : संपत्ती कोणासाठी खर्चिली गेली?