टाळेबंदीतही चालू राहिलेले शस्त्रक्रियागृह

साथीच्या इतिहासात मृतांचे आकडे नोंदले जातात. खोळंबलेल्या उपचारांची गणना क्वचितच होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, प्रवासी रेल्वे थांबल्या, नियोजित शस्त्रक्रिया ठिकठिकाणी लांबणीवर पडल्या. पण कर्करोग कोणासाठी थांबत नाही. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात कर्करोगाच्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांतील ६ रुग्णांना नंतर कोरोना झाल्याचे आढळले. तेही बरे झाले. शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही.

मात्र गाड्या बंद असताना मराठवाड्यातील रुग्णाने परळ गाठावे कसे? २०१२ साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झालेल्या शासकीय कर्करोग रुग्णालयाचे मोल इथे ध्यानी येते. घराजवळचा उपचार ही चैन नव्हे, संकटकाळचा आधार आहे.