शके १७०४, रामकुंडावर

वैशाख आहे, साल १७८२. गोदावरी आटून धारेपुरती उरली आहे आणि तुम्ही नाशिकच्या रामकुंडाच्या काठी अनवाणी उभे आहात. तळवे भाजतात. एकुलत्या सावलीत बैल चुन्याची घाणी ओढतोय. पाथरवटांच्या छिन्न्या काळ्या दगडावर एका लयीत पडतात. मध्येच नारोशंकराच्या देवळातली, वसईहून आणलेली म्हणतात ती पोर्तुगीज घंटा घुमते.

कुंड १६९६चं, साताऱ्याकडच्या एका जमीनदारानं बांधलेलं. दुरुस्ती कोण करवतंय, असं तुम्ही गवंड्याला विचारता.

“मातुश्री,” तो मान वर न करता सांगतो.

म्हणजे गोपिकाबाई पेशवे. पुणं सोडून त्या नदीच्या वरच्या अंगाला, गंगापूरला राहतात. त्यांचे पुत्र विश्वासराव पानिपतावर पडले, त्याच वर्षी पती नानासाहेब गेले. पुढे माधवराव क्षयानं गेले, नारायणरावांना तर शनिवारवाड्यातच मारलं. पुण्यात आता आठ वर्षांचा नातू आहे. त्याची दिनचर्या कशी असावी हे त्या पत्रातून बजावतात. त्यांना हट्टी, कारस्थानी म्हणणारे पुष्कळ आहेत. असतीलही त्या तशा. पण मला त्या या घाटावर जास्त कळतात. मुलखामुलखातून माणसं अस्थी घेऊन याच पाण्याशी येतात, आणि तीन मुलगे गमावलेली बाई त्यांच्या पायाखालचा दगड नीट बसवून घेते.

शहराची काळजी वाहायला नगरपालिका यायची आहे १८६४ साली.

खाली उतरा. पाण्यात हात घाला. तळाशी एका जागी गार लागतं. तिथे झरा आहे.

आता डोळे उघडा आणि तीच जागा चाचपा. हाताला काँक्रीट लागेल. २००३च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत गोदापात्रात ते ओतलं गेलं, जुनी कुंडं त्याखाली गाडली गेली. नाशिककरांनी जुने नकाशे, गॅझेटियर काढून सतरा कुंडं दाखवून दिली, उच्च न्यायालय गाठलं, तेव्हा कुठे काही कुंडांतलं काँक्रीट फुटलं. पुढचा सिंहस्थ दाराशी आहे. या वेळी नव्या घाटांचे आराखडे मंजूर करण्याआधी अधिकाऱ्यांनी कुंडांचे तळ मोकळे करावेत, आणि ते काम चुना-दगड ओळखणाऱ्या कारागिरांच्या हाती द्यावं.