एक तृतीयांश वने : मोजायची कशी?

देशाच्या एक तृतीयांश भूमीवर वने असावीत, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेले असते. उत्तरपत्रिकेत '३३ टक्के' लिहिले की गुण मिळतात. परंतु या उद्दिष्टाच्या आपण जवळ गेलो की दूर, हे कसे ठरवायचे? मोजणीचा हा इतिहास पुरेसा बोधप्रद आहे.

दप्तरातील वने

एक तृतीयांशाचे उद्दिष्ट १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीत आले. डोंगराळ भागात ६० टक्के व सपाट प्रदेशात २० टक्के, अशी त्याची विभागणी होती. त्या वेळी वने हा राज्यांचा विषय होता. तो समवर्ती सूचीत आला १९७६ च्या घटनादुरुस्तीने. म्हणजे उद्दिष्ट देशाचे, जमीन राज्यांच्या ताब्यात आणि आकडे वनखात्यांच्या दप्तरातले!

या दप्तराची परंपरा १८६४ मध्ये स्थापन झालेल्या वनखात्यापासूनची. जी जमीन 'राखीव' किंवा 'संरक्षित' म्हणून नोंदली गेली ती वन. तिच्यावरची झाडे तुटली तरी नोंद तशीच राही. या हिशेबाने देशात सुमारे साडेसात कोटी हेक्टर, म्हणजे जवळजवळ २३ टक्के, वनभूमी होती. तिच्यावर झाडे किती, हे मात्र त्या नोंदीतून कळत नसे.

आकाशातून पाहिलेली वने

उपग्रहांनी ही उणीव दूर केली. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने १९८४ मध्ये दोन कालखंडांतील उपग्रहचित्रांची तुलना प्रसिद्ध केली. १९७२-७५ मध्ये वने सुमारे १६.९ टक्के, तर १९८०-८२ मध्ये १४.१ टक्के भूमीवर दिसत होती. दरवर्षी साधारण १३ लाख हेक्टर वन नाहीसे होत होते. कागदावरील २३ टक्क्यांच्या तुलनेत हा आकडा धक्कादायक होता.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली होती. तिने १९८७ मध्ये पहिला अहवाल काढला आणि त्यात आकडा आला ६,४०,८१९ चौ. कि.मी., म्हणजे १९.४९ टक्के. चित्रे जवळपास त्याच काळातली असूनही १४ चे साडेएकोणीस झाले, कारण विरळ झाडी कोठवर 'वन' म्हणायची यावर उत्तर अवलंबून असते. त्या अहवालाच्या नकाशात ४०० हेक्टरांपेक्षा लहान वनखंड दाखवताच येत नव्हता. पुढे ही मर्यादा २५ हेक्टरांवर आली.

व्याख्या बदलली की

२००१ च्या अहवालात आणखी मोठा बदल झाला. चित्रे अधिक सूक्ष्म झाली, पृथक्करण संगणकावर होऊ लागले आणि १ हेक्टरचा तुकडाही मोजता आला. १ हेक्टर किंवा अधिक जमिनीवर १० टक्के किंवा अधिक पर्णछत्र असेल, तर मालकी कोणाचीही असो, झाड कोणतेही असो, ते 'वनाच्छादन' धरले गेले. त्यामुळे कोकणातील आमराई किंवा नारळी-पोफळीची बागही त्यात येऊ शकते.

ही व्याख्या मैदानावर आखून पाहता येते. १०० मीटर लांब व १०० मीटर रुंद चौरस म्हणजे १ हेक्टर. त्याचे १० टक्के म्हणजे १००० चौ. मी. एखाद्या झाडाचा विस्तार ८ मीटर व्यासाचा असेल तर त्याची सावली सुमारे ५० चौ. मी. जागा व्यापते. म्हणजे अशी २० झाडे पुरेशी झाली! विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

१९९९ च्या अहवालातील वनाच्छादन ६,३७,२९३ चौ. कि.मी. होते, २००१ मध्ये ते ६,७५,५३८ झाले. दोन वर्षांत ३८,००० चौ. कि.मी. जंगल उगवत नाही, हे उघड आहे. २०२३ च्या अहवालात आकडा ७,१५,३४३ चौ. कि.मी. (२१.७६ टक्के) आहे. म्हणजे १९८७ पासून छापील आकड्यांत जी वाढ दिसते, तिच्यातील निम्म्याहून अधिक त्या एकाच टप्प्यावर झालेली आहे.

यात लपवाछपवी आहे असे आम्हांस म्हणायचे नाही. व्याख्या अहवालांतच छापलेली असते आणि १० टक्क्यांची कसोटी आंतरराष्ट्रीय व्यवहारातही वापरली जाते. उद्दिष्टाची भाषाही बदलली आहे. १९८८ च्या वननीतीने 'वने किंवा वृक्षाच्छादन' असे म्हटले. त्यामुळे बाहेरची सुटी झाडे मिळवून २०२३ चा एकूण आकडा २५.१७ टक्के होतो.

मापाबाहेर राहिलेले

मात्र जे मापात बसत नाही, ते धोरणातूनही निसटते. सोलापूर-नगरकडील माळराने हे त्याचे उदाहरण. माळढोक व लांडगा यांचे हे घर, पण तेथे पर्णछत्र नाही, म्हणून ते वनाच्छादनात नाही. तेथे झाडे लावली तर टक्केवारी वाढेल आणि माळरान मात्र संपेल. उलट, जुने दाट जंगल तुटून तेवढीच नवी लागवड दुसरीकडे झाली, तर बेरीज जागच्या जागी राहील.

म्हणून वनांचा आकडा वाचताना तीन प्रश्न विचारावेत : वन कशाला म्हटले, सर्वांत लहान तुकडा केवढा मोजला आणि मागच्या वेळचे माप तेच होते का? '३३ टक्के' शिकवताना हे तीन प्रश्नही फळ्यावर लिहावेत, असे आम्ही सुचवतो.