पोपडे सुटणारी भिंत आणि विट्रुव्हियसचा उपाय

१/९
न्हाणीघराच्या भिंतीला ओल धरते, रंग फुगतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. मग पोपडा खरवडायचा, लांबी भरायची, नवा रंग द्यायचा. आणि काही महिन्यांत तोच फुगवटा पुन्हा हजर! या जुनाट दुखण्याचे निदान सुमारे २००० वर्षांपूर्वी एका रोमन स्थापत्यकाराने लिहून ठेवले आहे.

२/९
त्याचे नाव विट्रुव्हियस. सम्राट ऑगस्टसला अर्पण केलेला त्याचा ‘दे आर्किटेक्तुरा’ हा ग्रंथ दहा भागांचा आहे. सातव्या भागात तो गिलावा, फरशी आणि रंग यांचा विचार करतो, आणि ओलसर जागेतील गिलाव्यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घालतो.

३/९
पहिला उपाय साधा. तळमजल्याच्या खोल्यांत जमिनीपासून सुमारे ३ फुटांपर्यंत गिलाव्यात वाळूऐवजी भाजलेल्या मातीचा कुटलेला चुरा घालावा. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो; ओलीत हे काम रेंगाळते. भाजलेल्या मातीतील सिलिका मात्र चुन्याशी संयोग पावते आणि गिलावा दमट जागीही पकड घेतो. आपल्याकडील जुन्या चुन्याच्या बांधकामात सुरखी, म्हणजे विटांचा चुरा, मिसळत ती याच गुणासाठी.

४/९
पण भिंत कायमच ओली राहत असेल तर? तेव्हा विट्रुव्हियस गिलाव्याचा विचार बाजूला ठेवतो. मूळ भिंतीपासून थोडे अंतर सोडून दुसरी पातळ भिंत उभारावी, मधल्या पोकळीच्या तळाशी खोलीच्या जमिनीहून खोल पन्हळ काढावी, आणि खाली-वर वाटा मोकळ्या ठेवाव्यात. ओलीला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती नव्या भिंतीतही पसरते, असा त्याचा इशारा आहे.

५/९
दुसऱ्या भिंतीला जागा नसेल तर कडा वळवलेली मोठी कौले भिंतीलगत उभी करावीत. त्यांच्या आतल्या बाजूला डांबरासारख्या राळेचा लेप द्यावा, म्हणजे पाणी झिरपणार नाही. भट्टीत भाजलेल्या कोरड्या कौलावर गिलावा टिकत नाही. म्हणून दर्शनी बाजूला आधी चुन्याच्या निवळीचा हात मारावा.

६/९
स्नानगृहांच्या छतांबद्दल पाचव्या भागात तो असेच सांगतो. खालच्या अंगाला आधी खापरांचा चुरा व चुना यांचा थर, मग सफाईचा गिलावा. छत दुहेरी असेल तर अधिक चांगले, कारण मग वाफेची ओल वरच्या लाकडाला कुजवत नाही.

७/९
इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतील फोरमजवळच्या स्नानगृहात अशी पोकळी पाहायला मिळते. भिंतीला उंचवटे असलेली कौले लावून मागे फट राखली आहे. तीतून फरशीखालची गरम हवा वर चढे. भिंत उबदार राहिली की तिच्यावर वाफही कमी साचते.

८/९
हे शहाणपण पुढे अनेकदा विसरले गेले. विसाव्या शतकात कित्येक प्राचीन वास्तूंची डागडुजी सिमेंटने झाली. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. घट्ट सिमेंट ती आत कोंडते. शिवाय सिमेंटमधील क्षार पाण्यासोबत सरकतात, स्फटिक होऊन फुगतात आणि शेजारचा मूळ गिलावाच उखडून टाकतात. दुरुस्तीनेच दुखणे वाढवले.

९/९
आजच्या शॉवरमागच्या भिंतीत साहित्य बदलले आहे, पाण्याचा स्वभाव बदललेला नाही. टाइल्सच्या सांध्यातून किंवा गळक्या नळातून ते मागे शिरते, आणि पोपडा पुढे दिसतो. विट्रुव्हियसच्या प्रकरणात कामांचा क्रम ठरलेला आहे: आधी पाण्याची वाट, मग पोकळी, मग गिलावा. भिंतीची झिलई येते ती अगदी शेवटी.