पिकते तिथे विकत नाही

वाचकहो, ही म्हण आपण आंब्याफणसांच्या बाबतीत योजतो. पण ती एका गवयाला किती अचूक लागू पडावी!

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. तेथे एका मेक्सिकन कामकऱ्याच्या घरी १९४२ साली सिक्स्टो रॉड्रिग्ज जन्मला. गाणी स्वतः रचावयाची आणि गिटारीवर स्वतःच म्हणावयाची, हा त्याचा छंद. गरिबांच्या वस्त्या आणि सत्तेची लबाडी हे त्याचे विषय. १९७० मध्ये ‘कोल्ड फॅक्ट’ आणि १९७१ मध्ये ‘कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी’ अशा त्याच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. मायदेशी त्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही. कंपनीने त्याला निरोप दिला आणि गवई घरे पाडण्याच्या मजुरीला लागला.

ध्वनिमुद्रिका मात्र समुद्र ओलांडून गेल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णद्वेषी राजवट होती. नको असलेले गाणे वाजू नये म्हणून सरकारी नभोवाणीच्या संग्रहातील तबकडीवर ओरखडे काढून ठेवले गेले. गोऱ्या तरुणांच्या घरांतून मात्र तीच गाणी घुमत होती. जगाचा बहिष्कार आणि सरकारची कात्री, यांतून बाहेरची बातमी आत येणार कशी? गवयाने रंगमंचावरच जीव दिला, अशी अफवा उठली आणि वर्षानुवर्षे खरी मानली गेली. तेथे खपलेल्या तबकड्यांचा मोबदलाही त्याच्या हाती पडला नव्हता. अखेर चाहत्यांनी शोध घेतला, तो गवई जिवंत! १९९८ च्या मार्चमध्ये तो तेथे गाऊ लागला, तेव्हा सभागृहे तुडुंब भरली.

२०१२ सालच्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या बोलपटाने ही कथा जगभर नेली. त्याला ऑस्करही लाभले. पण माझ्यासारख्या शाळामास्तराला येथे थबकावे लागते. १९७९ आणि १९८१ मध्ये रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियात दौरे केले होते. बोलपट त्यांविषयी अवाक्षर काढीत नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा हा मोह मला समजतो. तरीही गाळलेले पान इतिहासाला परत द्यावेच लागते.

शिवाय ते पान जोडल्याने माणूस लहान होत नाही. टाळ्या ऐकून आलेल्या या गवयाने पुन्हा मजुरी पत्करली, १९८१ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी मिळविली, आणि पुढे पैसा आल्यावरही तो जुन्याच घरात राहिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी तो वारला. तोवर मायदेशालाही त्याचे नाव ठाऊक झाले होते.