आक्रमणाची मात्रा : पोकरचा छोटा डाव आणि उंबरखिंड

पोकर हा काही आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे. तथापि त्याच्या छोट्या ऑनलाइन स्पर्धांभोवती जे शास्त्र उभे राहिले, त्यातील एक विचार मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याने दुर्लक्षू नये असा आहे.

नऊ खेळाडू, एक टेबल, प्रत्येकापाशी सारख्याच चिप्स आणि बक्षिसे बहुधा पहिल्या तिघांनाच. सक्तीची बोली ठराविक वेळाने चढत जाते. आरंभी ती क्षुल्लक असते, तेव्हा जाणता खेळाडू बहुतेक डाव सोडून देतो. पुढे ती इतकी वाढते की स्वस्थ बसणाऱ्याची गंगाजळी आपोआप झिजू लागते. मग हल्ला करावाच लागतो. चौघे उरले की मोठ्या गंगाजळीचा खेळाडू इतरांना दटावतो, मधला दबकून राहतो. १९९५ सालचा जगज्जेता डॅन हॅरिंग्टन याने २००५ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, उरलेल्या चिप्स किती फेऱ्या पुरतील यावरून आक्रमकतेचे पट्टेच आखून दिले. या साऱ्याच्या मुळाशी एक रोखठोक हिशेब आहे : अशा स्पर्धेत गमावलेली चिप जिंकलेल्या चिपेपेक्षा महाग असते. (आपल्याकडे २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांवरील ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा झाला, आमचे कुतूहल हिशेबापुरतेच.)

आता खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळची उंबरखिंड पाहू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखान पडला आणि अवघ्या अठरा दिवसांत शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. इतका वेगवान हात क्वचितच कोणी खेळला असेल. पण १६६०ने चित्र पालटले. पन्हाळा आदिलशहाकडे परत गेला, चाकणचा किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजून शायिस्ताखानाच्या हाती पडला, आणि खान पुण्यात तळ देऊन बसला. दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी आणि आटलेली गंगाजळी! अशा वेळी तोच पुरुष निराळा खेळतो.

१६६१च्या आरंभी शायिस्ताखानाने कारतलबखानाला कोकणात धाडले. सोबत माहूरची रायबागन होती. कर्जत-खालापूरच्या अंगास उतरणारा बोरघाट सोडून ही फौज कुरवंड्याच्या वाटेने खाली उतरली. घाटमाथ्यावर तिला कोणी अडवले नाही. हे न अडवणे हाच पहिला टप्पा. २ फेब्रुवारीला फौज दाट रानातल्या अरुंद खिंडीत शिरली. पुढची वाट बंद, मागची बंद, जवळ पाणी नाही. मग मात्र हल्ला झाला तो सर्व बाजूंनी, हातचे काहीही राखून न ठेवता.

तिसरा टप्पा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने अभय मागितले, आणि महाराजांनी ते दिले. खंडणी व सरंजाम ठेवून घेऊन फौजेला जाऊ दिले. येथे पोकरची उपमा तुटते, कारण त्या टेबलावर अभय नसते. हिशेब मात्र तोच राहतो. कोंडलेला शत्रू अखेरपर्यंत लढला असता तर मावळेही पडले असते, आणि पुण्यात शायिस्ताखान बसलेला असताना एकेक मावळा एकेका मोगल शिपायाहून कितीतरी महाग होता. याला केवळ औदार्य म्हणणारे लेखक महाराजांच्या बुद्धीवर अन्याय करतात.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला याहून रोचक प्रश्न आहे तो कवींद्र परमानंदाचा. समकालीन असलेल्या या कवीने संस्कृत ‘शिवभारता’त हा प्रसंग विस्ताराने गायिला आहे. महाकाव्याच्या परंपरेला अखंड वीररस हवा. येथे नायकाचे मोठेपण तर दबा धरून बसण्यात आहे. परमानंदाने ते ओझे रानाच्या निःशब्दतेवर आणि रायबागनच्या कठोर बोलांवर टाकले. शत्रुपक्षातील स्त्रीच्या मुखातून नायकाच्या डावपेचाचे मर्म वदवणे ही साधी युक्ती नव्हे. पुढच्या काळात आपण या साऱ्याला ‘गनिमी कावा’ असे एकच नाव देऊन मोकळे झालो. ‘गनीम’ म्हणजे शत्रू, आणि मोगल तो शब्द मराठ्यांसाठी वापरीत, हेही विसरलो.

उंबरखिंडीनंतर महाराज पुण्यावर चालून गेले नाहीत. नेताजी पालकराला मोगलांच्या तोंडावर ठेवून ते दाभोळ-राजापूरकडे वळले. त्याच वर्षी मे महिन्यात मोगलांनी कल्याण घेतले. लाल महालावरचा छापा पडला तो ५ एप्रिल १६६३च्या रात्री.