पुण्याची थंडी आणि खडकीची वाट

१९३५ सालच्या जानेवारीच्या १७ तारखेस पुण्याच्या वेधशाळेतील तापमापकाचा पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे त्या काळच्या मापाने सुमारे ३५ अंश फॅरनहाइटपर्यंत, उतरला आणि पुण्याच्या थंडीचा तो नीचांक अद्याप मोडलेला नाही. तो वार गुरुवार होता. म्हणजे कचेऱ्या, कारखाने, गिरण्या यांचा तो कामाचा दिवस होता आणि ज्यांची हजेरी दिवस उजाडताच लागत असे, त्यांना त्या हुडहुडीत घराबाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हते. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरातील त्याच्या मनोरेदार इमारतीस लोकांनी 'सिमला ऑफिस' असे नाव दिले, आणि तेथील चौक आजही त्याच नावाने ओळखला जातो. या इमारतीपासून हाकेच्या अंतरावरून खडकीची वाट जाते. पुण्याच्या थंडीची बिनचूक नोंद जेथे ठेवली जात होती, त्याच जागेच्या शेजारून, ती थंडी हातापायांच्या बोटांवर सोसत, कामगार सायकलींवरून कामावर जात. परंतु पारा किती उतरला हे लिहिणाऱ्या दफ्तरात, तो उतरलेला असताना त्या वाटेवरून कोण गेले, हे लिहिण्याचे काम कोणाकडेच नव्हते. पुण्यास सायकलींचे शहर म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कॉलेजचे विद्यार्थी, प्राध्यापक आणि टिळक रस्त्यावरून संथपणे जाणारे पेन्शनर येतात. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. या शहराला सायकलीची सवय लावली ती मुख्यतः पहाटेच्या पाळीच्या कामगाराने, असे माझे मत आहे.

खडकी म्हटले की इतिहासाच्या वाचकास ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते. त्या लढाईनंतर तेथे इंग्रजांची छावणी वसली, छावणीच्या आश्रयाने १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, आणि तेव्हापासून पुण्याच्या पेठांतील व आसपासच्या खेड्यांतील माणसांना सरकारी चाकरीचा एक नवा मार्ग खुला झाला. कसबा, शनिवार, नाना, भवानी या पेठांपासून हा कारखाना चारपाच मैलांवर. हे अंतर मोठे विलक्षण आहे. पायी जावे तर जाण्यायेण्यात दिवसाचे अडीच-तीन तास खर्ची पडतात. टांगा करावा तर मजुरीचा मोठा हिस्सा टांगेवाल्याच्या हाती जातो. आणि आगगाडीने जावे तर आधी पेठेतून स्टेशन गाठण्यातच निम्मी चाल होते. कारखाना निघाला तेव्हा चालण्यास पर्याय नव्हता, आणि पुढे दोन पिढ्या माणसे चालतच राहिली.

सायकल, म्हणजे जिला आपल्या आजोबांच्या पिढीने 'पायगाडी' म्हटले ती, या माणसांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागला. दोन सारख्या चाकांची आणि साखळीने फिरणारी सुरक्षित सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास निघाली, डनलॉपने हवा भरलेला टायर १८८८ साली आणला, आणि त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. सायकलीच्या दुकानापासून सुरू झालेल्या त्याच घराण्याने पुढे १९४६ साली खडकीस तेलावरील इंजिनांचा कारखाना काढला, आणि त्या कारखान्याच्या फाटकातही पुण्याहून येणाऱ्या कामगारांच्या सायकली शिरू लागल्या. प्रारंभी मात्र सायकल ही साहेबाची, वकिलाची, फार तर डॉक्टरची मिरासदारी होती. रॅले, हंबर, बीएसए ही नावे आदराने उच्चारली जात. पुढे विलायती सायकलींतही हर्क्युलिससारख्या स्वस्त जाती आल्या, जुन्या सायकलींचा बाजार वाढला, तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली, आणि महिन्याच्या पगारातून थोडेथोडे बाजूला टाकून कामगारालाही स्वतःची सायकल घेणे शक्य होऊ लागले. पुण्याची जमीन तिला अनुकूल होती. मुंबईसारखा धो धो पाऊस नाही, कोकणासारखे चढउतार नाहीत, आणि शहराचा विस्तार असा की कोणतेही ठिकाण सायकलीच्या तासाभराच्या आत यावे. प्रतिकूल होती ती एकटी थंडी.

ही थंडी समजून घेतली पाहिजे. मार्गशीर्ष-पौषात पुण्यावरील आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते, आणि दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते; त्यामुळे पारा सर्वांत खाली असतो तो मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या अगदी आधी. जड झालेली गार हवा सखल भागात, नदीच्या पात्रात आणि मोकळ्या शेतांवर साचते. आता खडकीची वाट पाहावी. कसब्यातून निघालेला माणूस प्रथम नव्या पुलावरून मुठा ओलांडतो, तेथे नदीचे धुके. पुढे शिवाजीनगर, ज्यास जुनी माणसे भांबुर्डे म्हणत. मग कृषी महाविद्यालयाची विस्तीर्ण शेते, वाकडेवाडी, आणि त्यापुढे छावणी. म्हणजे ज्या घटकेस गारठा सर्वाधिक, त्याच घटकेस, आणि ज्या जागी तो साचतो, नेमक्या त्याच जागांवरून या माणसास जावे लागे. शिवाय पायी चालणाऱ्यास जो वारा लागत नाही तो सायकलस्वार स्वतःच्या वेगाने निर्माण करतो. हवा निश्चल असली तरी ताशी दहा मैलांचा वारा त्याच्या तोंडावर असतोच.

माझ्या वडिलांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांपासून पंचवीस वर्षे या वाटेने कसब्यातून खडकीस गेले. मी त्यांना पाहिले ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. वाड्यात अजून कोणी जागे झालेले नसे. फक्त काकूंनी पेटवलेल्या बंबाचा धूर अंगणात तरंगत असे. आबा अंघोळ करीत, बंडीवर सदरा, सदऱ्यावर हातविणीचा स्वेटर आणि या दोहोंच्या मध्ये, छातीवर, कालच्या वर्तमानपत्राची घडी ठेवीत. कागद वारा अडवतो, हे ज्ञान त्यांना कोणी शिकवले होते कोण जाणे. पायजम्याचा उजवा पाय ते मोज्यात खोवत, नाहीतर तो साखळीत अडकून फाटावयाचा. काकू भाकरीचा डबा फडक्यात बांधून कॅरिअरला लावीत आणि रोज तेच विचारीत, "अहो, कानटोपी घेतलीत ना?" आबा काही बोलत नसत, कारण टोपी डोक्यावरच असे. मग ते सायकल खांद्यावर उचलून दिंडी दरवाजाच्या उंबरठ्याबाहेर ठेवीत, दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहत, आणि बहुधा पुन्हा आत येऊन पंप घेत. कारण संध्याकाळी टणक भरलेली हवा पहाटेच्या गारठ्यात आकसते आणि टायर मऊ लागतो.

एका पहाटे त्यांनी पायडल मारले आणि ते रिकामेच फिरले. चाक जागचे हलले नाही. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये बारीक पोलादी खिट्या असतात. त्यांना आमचे सायकलवाले 'कुत्री' म्हणतात. नाजूक तारेच्या ताणाने ही कुत्री बाहेर येऊन दात्यांत अडकतात, तेव्हाच पायाचा जोर चाकास मिळतो. आदल्या दिवशी घरच्या कोणी मोठ्या हौसेने फ्रीव्हीलमध्ये खोबरेल सोडले होते, आणि रात्रीच्या थंडीने ते आतल्या आत गोठून बसल्याने कुत्री चिकटून आतच राहिली होती. आबांनी कोणास शब्दाने दुखवले नाही. कंदिलातले थोडे रॉकेल वाटीत घेऊन ते त्यांनी थेंबथेंब फ्रीव्हीलमध्ये सोडले, पायडल उलटे फिरवत राहिले, आणि काही वेळाने आतून तो ओळखीचा टिकटिक आवाज उमटताच फडक्याने हात पुसून निघाले. तेवढा उशीर भरून काढण्यासाठी त्या गारठ्यात त्यांनी सायकल किती जोराने हाणली असेल, याची कल्पना मला त्या वयात आली नाही, आज येते. उशीर म्हणजे लेटमार्क, आणि लेटमार्क साठले की पगारास कात्री, हा हिशेब त्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेला होता.

सायकलीवर नगरपालिकेचा अंमलही होता. दरसाल कर भरून धातूचा बिल्ला घ्यावा लागे व तो सायकलीस लावावा लागे, आणि अंधारात दिवा नसल्यास पोलीस अडवीत. हिवाळ्यात पहाटेची पाळी गाठणाऱ्यास दिव्यावाचून सुटका नव्हती. आधी रॉकेलचे दिवे आले, मग कार्बाइडचे. कार्बाइडच्या खड्यांवर पाण्याचे थेंब पडून निघणाऱ्या वायूचा उजेड लख्ख असे, पण वास उग्र. डायनामो पुढे आला, आणि तो टायरला टेकला की पाय जड होत. रॉकेलच्या दिव्याचा एक उपयोग मात्र कोणत्याही नियमात लिहिलेला नव्हता: वाटेत थांबून माणसे त्याच्या तापलेल्या टोपणावर आपली बधिर झालेली बोटे शेकत. दारूगोळ्याच्या कारखान्यात आगपेटी नेण्यास सक्त मनाई असते. म्हणून ज्या आगपेटीने घरी दिवा लावला, ती फाटकापूर्वीच कोठेतरी ठेवून जावे लागे. आबा ती बरोबर नेतच नसत. घरून लावलेला दिवा वाऱ्याने विझला, तर शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या दिव्यावरून कागदाची सुरळी पेटवून ते तो पुन्हा लावीत. त्या वाटेवर थांबण्यास कोणी नकार दिल्याचे त्यांना आठवत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात खडकीचे काम अतोनात वाढले. १९४० साली तेथे स्फोटकांचा नवा कारखाना निघाला, पाळ्या वाढल्या आणि रस्त्यावरील सायकलीही वाढल्या; परंतु १९४२ साली मलाया जपानच्या हाती गेल्यावर रबराची टंचाई पडली आणि टायर-ट्यूब मिळणे दुर्घट झाले. त्या दिवसांत फाटक्या टायरच्या आत दुसऱ्या जुन्या टायरचा तुकडा घालून चाक चालवण्याची कला सायकलवाल्यांनी परिपूर्ण केली. स्वातंत्र्यानंतर मद्रासेस, आसनसोलास, सोनपतास आणि लुधियान्यास सायकलींचे देशी कारखाने उभे राहिले आणि विलायती सायकलीची मिजास संपली. इकडे खडकीची वाट लांबत गेली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, आणि दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून दहा-दहा मैल सायकल मारणारी माणसे त्या रस्त्यावर दिसू लागली. कारखान्यांच्या आवारात सायकलींसाठी लांबच लांब पत्र्याच्या शेड बांधल्या गेल्या. पाळी सुटताना भोंगा होई, आणि फाटकातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडे, त्यास वाट देण्यासाठी मोटारींना थांबावे लागे. ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना मी सांगतो त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

मग हे सारे फार झपाट्याने ओसरले. स्कूटर आली, १९७२ साली लूना आली, कारखान्यांनी कामगारांसाठी बस ठेवल्या, रस्ते रुंद झाले आणि रुंदीबरोबर जीवघेणेही झाले. कामगाराने सायकल सोडली याबद्दल त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. ज्याने पंचवीस हिवाळे ती थंडी खाल्ली, त्याने इंजिनाची गाडी घेतली तर ती त्याच्या श्रमांची रास्त कमाईच होय. आबांनी मात्र निवृत्त झाल्यावरही सायकल विकली नाही. हातांच्या सांध्यांत थंडीची कळ उठे, म्हणून ते ती चालवीत नसत. पण दर रविवारी अंगणात उलटी ठेवून तिची चाके फिरवून पाहत.

त्यांचा बिल्ला आणि दिव्याचे टोपण आमच्याकडे आहे. सायकल वाडा पडला तेव्हा भंगारात गेली, आणि त्याची खंत मला आजही आहे. पुण्यात कर्वेनगरास आता जुन्या सायकलींचे एक संग्रहालय उभे आहे, हे मोठे भाग्य. ज्यांच्या माळ्यावर अजून असा एखादा बिल्ला, कार्बाइडचा दिवा किंवा जुनी सायकल पडून असेल, त्यांनी ती भंगारवाल्यास देऊ नये. ती कोणाची होती, तो माणूस कोठून कोठे आणि कितीच्या पाळीस जात असे, हे एका कागदावर लिहून त्या वस्तूस बांधावे, आणि ती अशा संग्रहालयाच्या स्वाधीन करावी.